मगभर चहाने झोप भरून निघत नाही

पूर्वेकडे पोस्टिंग असताना उन्हाळ्यात साडेचारलाच उजाडायचं आणि पाचला पीटीचा फॉल-इन. लंगरचा गोड, कडक चहा मगात पडल्याशिवाय कोणाचे पाय हलायचे नाहीत. जुन्या फौजींना हे वेगळं सांगायला नको.

ती नुसती सवय नव्हती. सकाळी शरीर थंड असतं, स्नायू संध्याकाळइतका जोर लावत नाहीत. 2012 साली स्पेनमधल्या संशोधकांनी व्यायामाचा सराव असलेल्या 12 पुरुषांची सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला चाचणी घेतली. सकाळी ताकद कमी भरली. पण शरीराच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर ती जवळपास संध्याकाळइतकी झाली.

70 किलोच्या जवानासाठी हे 210 मिलिग्रॅम होतात. एका कप चहात साधारण 40 धरले तर पाच कप! एवढा चहा ढोसून कोण धावेल? म्हणून आजची पोरं डब्यातल्या पावडरकडे वळतात.

माझ्या कंपनीतल्या एका जवानाने बीपीईटीच्या सकाळी पावडरचे दोन स्कूप घेतले, वर चहा. पाच किलोमीटर झकास धावला. पुढे रेंजवर मात्र त्याचे हात थरथरत होते. नेहमी छान ग्रुपिंग देणारा पोरगा, त्या दिवशी गोळ्या टार्गेटभर विखुरल्या. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "साहेब, दोन रात्री गार्ड ड्युटी लागली. झोपच नव्हती, म्हणून डबल घेतलं."

मी त्याला रागावणार होतो. पण कंपनी माझी होती आणि ड्युटी रोस्टरही माझ्याच नजरेखालून गेला होता.

झोपेची गरज वाढते तसा मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि 'आता थांब' असा निरोप देतो. कॅफिन त्याची जागा अडवतं. थकवा तिथेच असतो, निरोप तेवढा पोचत नाही. वायरलेस बंद ठेवला म्हणून शत्रू मागे फिरत नाही, तसंच हे.

अमेरिकेच्या नेव्ही सील प्रशिक्षणार्थींवरचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. तीन दिवसांच्या जागरणानंतर 200 मिलिग्रॅम कॅफिनने त्यांची सतर्कता आणि प्रतिसादाचा वेग सुधारला. नेमबाजीतली अचूकता मात्र सुधारली नाही. आपल्या पेशात हा फरक छोटा नाही.

चहा बंद करा, असं मी म्हणत नाही. सकाळचा मग हवाच. पण निरोगी माणसाने दिवसाला 400 मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी, आणि पावडर घेत असाल तर चहा-कॉफीही त्याच हिशोबात धरावी. टेस्टच्या दिवशी नवा प्रयोग नको. साधारण पाच तासांनीही निम्मं कॅफिन रक्तात उरतं, म्हणून रात्री झोपायचं असेल तर संध्याकाळचा कप सोडावा.

आणि आम्हा अधिकाऱ्यांसाठी एक गोष्ट. जवानाला चहा पाजून जागं ठेवणं सोपं असतं. त्याच्या झोपेसाठी रोस्टर नीट बसवणं कष्टाचं, पण ते आपलंच काम आहे. त्या दिवसापासून टेस्ट किंवा फायरिंगच्या आदल्या रात्री कोणाला गार्ड लागली आहे, हे मी स्वतः पाहतो. फॉल-इनला पहिला प्रश्नही बदलला आहे: "रात्री किती तास झोपलास?"