अवांतर वाचन

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने हा शब्द ऐकलेला असतो: अवांतर वाचन. पाठ्यपुस्तक आणि गाईड सोडून जे काही वाचायचं ते अवांतर, म्हणजे मुख्य कामाच्या बाहेरचं. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं त्यांना ते वाचा म्हणून शाळेला सांगावं लागलं नाही. ज्यांच्या घरात नव्हतं त्यांना घरच्यांनीच बजावलं, 'आधी अभ्यासाचं वाच.' आईबाप रोजंदारीवर गेलेले असताना पोराने गोष्टीचं पुस्तक घेऊन बसावं हे कुणाला परवडणार होतं? पण इंग्रजीच्या बाबतीत या सवयीची किंमत आपण पदवी हातात आल्यावरही मोजतो आहोत, म्हणून या वेळी हाच विषय.

मी म्हैसूरला नजरबादमध्ये राहते. शहराच्या या भागात भाड्याच्या खोल्यांमधून मराठवाड्यातली, विदर्भातली, सोलापूरकडची मुलंमुली येऊन-जाऊन असतात. कुणी नोकरीच्या प्रशिक्षणाला आलेलं, कुणी संशोधनाला. बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. कन्नड येत नाही, हिंदी अर्ध्या वाटेवर साथ सोडते, मग कचेरीत आणि पुष्कळदा घरमालकाशीही इंग्रजीच. रविवारी त्यातले चार-पाच जण माझ्याकडे जेवायला येतात आणि भाकरी संपायच्या आत कुणीतरी विचारतंच, 'ताई, इंग्रजी सुधारायला कोणता क्लास लावू?'

मी उलट विचारते, 'पुढे काय झालं हे कळायला हवं, म्हणून इंग्रजीत शेवटचं काय वाचलंस?' याचं उत्तर सहसा येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पदवीपर्यंत पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेली ही मुलं. पॅसिव्ह व्हॉइसचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत, पण एक इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही. वर्गात कसं चालायचं ते आठवा. बाई एक ओळ वाचायच्या, तिचा मराठी अर्थ सांगायच्या, मग फळ्यावर प्रश्नोत्तरं. मजकूर आपल्यासमोर कायम 'उत्तर' म्हणूनच आला. त्यात कुणी रडलं, पळालं, फसवलं गेलं याचं आपल्याला काही वाटलं नाही, कारण वाटण्याला गुण नव्हते.

नजरबादहून शहराच्या पार दुसऱ्या बाजूला कुक्करहळ्ळीचा तलाव आहे. आर. के. नारायण तरुणपणी तिथे पुस्तक घेऊन बसत. गंमत अशी की इंग्रजीत पुढे जगभर नाव काढणारा हा माणूस विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला होता, आणि तोही इंग्रजीत! त्यानंतरचं वर्ष त्यांनी वाचण्यात आणि लिहिण्यात घालवलं. १९२६ साली परीक्षा पास होऊन महाराजा कॉलेजात गेले. वडील इथल्याच शाळेचे मुख्याध्यापक, त्यामुळे शाळेचं ग्रंथालय घरच्यासारखं. डिकन्स, वुडहाउस, कॉनन डॉइल, हार्डी हे सगळं कुणी परीक्षेला लावलं म्हणून वाचलेलं नव्हतं.

ही गोष्ट बहुतेक वेळा प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं ते मोकळं वर्ष दिसतं. नापास झाल्यावर वर्षभर तलावाकाठी बसून वाचायला मिळणं, आणि घरात कुणी 'आता कामाला लाग' न म्हणणं, ही सोय जातीने आणि वर्गाने दिलेली असते. आपल्याकडे बारावीत इंग्रजीत राहिलेल्या मुलाला दुसऱ्या आठवड्यात मुकादमाकडे किंवा एखाद्या दुकानात उभं केलं जातं. मुलीचं तर लग्नच ठरतं. तेव्हा 'आनंदासाठी वाचा, इंग्रजी आपोआप येईल' असा सल्ला देणाऱ्याने आनंदाला वेळ कुठून येतो हेही सांगायला हवं.

तरीही सल्ला खरा आहे. तो आपल्या घरातही खरा ठरलेला आहे. सुभेदार रामजी आंबेडकरांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. चरित्रकार धनंजय कीरांनी त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट नोंदवली आहे, ती आपण कमी सांगतो. भीमरावांना अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचं वेड होतं. पुस्तक हवं म्हटलं की रामजी सासरी असलेल्या आपल्या मुलींकडे उसने पैसे मागायला जात. पैसे नसले तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण ठेवून पुस्तक यायचं आणि पेन्शन आल्यावर दागिना सुटायचा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारं हे कुटुंब. शाळेनंतर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींशी ओळख झाली, ते त्यांना वाचायला पुस्तकं देऊ लागले आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्या बहिणींचे दागिने पाठ्यपुस्तकांसाठी गहाण पडले नव्हते. ते अवांतर वाचनासाठी पडले होते.

आता हे वाचन इंग्रजीसाठी नेमकं काय करतं ते बघू. १९२० च्या दशकात ढाक्याला मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक-प्रशिक्षक होते. १९२६ साली बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या कामाचा आहे: बहुसंख्य मुलं अर्ध्यातून शाळा सोडणार असतील, तर त्या अर्धवट इंग्रजीतून त्यांच्या हाती काय उरतं? यासाठी त्यांनी विम्यातला शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर जी रक्कम परत मिळते ती. अर्धवट शिकलेल्या व्याकरणाची सरेंडर व्हॅल्यू जवळजवळ शून्य. पण जो थोडंफार वाचायला शिकला तो शाळेबाहेर पडल्यावरही वाचत राहू शकतो, म्हणजे त्याचं शिकणं थांबत नाही. म्हणून वेस्ट यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली सोपी वाचनमाला तयार केली. वसाहतीच्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्याचं सगळंच घ्यावं असं नाही, पण गळती गृहीत धरून इंग्रजीचा विचार करणारे लोक नंतरही फार झाले नाहीत.

दुसरं उदाहरण फिजीचं. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली आणि मुलांना ती रोज वाचू दिली. १९८३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. या मुलांची वाचून समजण्यातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या वर्गांपेक्षा जवळजवळ दुप्पट होती, आणि दुसऱ्या वर्षी ती लेखनातही दिसली. ही मुलंही आपल्यासारखीच, इंग्रजी घरात न बोलणारी. फक्त वाचून तोंड उघडतं असा दावा मी करणार नाही. बोलायला बोलावंच लागतं. पण मुलाखतीत जो शब्द वेळेवर सुचत नाही तो आधी कुठेतरी पाच-पन्नास वेळा भेटलेला असावा लागतो, आणि क्लासमध्ये इतक्या भेटी होत नाहीत.

पुस्तक कोणतं घ्यायचं यात बहुतेक जण फसतात. पहिल्याच झटक्यात कुणीतरी सुचवलेला जाडजूड ग्रंथ घेतात, शेजारी डिक्शनरी ठेवतात आणि चौथ्या पानावर थांबतात. हू आणि नेशन या दोन अभ्यासकांनी २००० साली दाखवून दिलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. अडीचशे शब्दांचं पान धरलं तर पाच शब्द अडावेत, फार तर सहा. त्याहून जास्त अडले तर पुस्तक तुमच्यासाठी आज जड आहे. बिनधास्त ठेवून द्या, सोपं घ्या. अडलेल्या शब्दाला डिक्शनरी लावायची गरज नाही. तो पुढे पुन्हा भेटतो.

आपल्या लोकांसाठी एक वाट मला विशेष लाभाची वाटते. मराठीत आधी वाचलेलं पुस्तक इंग्रजीत वाचा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत आणलं. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' माया पंडित यांनी, शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी' संतोष भूमकर यांनी. प्रसंग माहीत असतो, माणसं ओळखीची असतात, त्यामुळे वाक्य डोळ्यांसमोर यायच्या आत निम्मा अर्थ मनात आलेला असतो. आणि मधूनच तुमचं अनुवादकाशी भांडण होतं: 'हा शब्द नाही चालणार, आमच्याकडे असं नाही म्हणत.' रविवारच्या आमच्या बैठकीत असं भांडण झालं की मला बरं वाटतं. इंग्रजी वाक्याला घाबरणारी पोरगी त्या वाक्याला चूक ठरवत असते. याच वाटेने मी कन्नडकडेही गेले. याच म्हैसूरशी जन्माचं नातं असलेल्या देवनूर महादेवांचं 'कुसुमबाले' मला सुझन डॅनियल यांच्या इंग्रजीतून वाचता आलं, सिद्धलिंगय्यांचं 'ऊरु केरी'ही इंग्रजीतूनच. दोन शेजारी राज्यांतले दलित वाचक एकमेकांची पुस्तकं इंग्रजीतून वाचतात याची खंत वाटायला हवी, पण न वाचण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

मात्र सगळंच वाचन चळवळीचं असू नये. पहिल्या पिढीच्या पदवीधरावर एक वेगळंच ओझं असतं, हातातलं प्रत्येक पुस्तक 'कामाचं' असलं पाहिजे. खुनाच्या गोष्टी वाचा. क्रिकेटपटूंची चरित्रं वाचा. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' वाचा. मालगुडीत आपली वस्ती नेमकी कुठे, हा प्रश्न पडेल, तो पडू द्या, पण त्या इंग्रजीइतकी सरळ वाट दुसरीकडे सहज मिळत नाही. चेतन भगत वाचणाऱ्यांना हसणारे खूप भेटतील. त्यांचं हलकंफुलकं वाचन दहाव्या वर्षी एनिड ब्लायटन आणि कॉमिक्समध्ये उरकलेलं असतं. आपल्याला ते बाविसाव्या वर्षी मिळालं, इतकाच फरक. लहान मुलांची पुस्तकं वाचायचीही लाज नको. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत, पातळीनुसार लावलेली, फुकट मिळते. फोनवर वाचताना बसमधल्या शेजाऱ्याला कळतही नाही.

राहिला प्रश्न पुस्तकं कुठून आणायची. म्हैसूरच्याच राजीवनगरमध्ये सय्यद इसाक नावाच्या, स्वतःला शिकायला न मिळालेल्या मजुराने सर्वांसाठी मोफत वाचनालय उभं केलं होतं. ९ एप्रिल २०२१ ला ते जळालं तेव्हा त्यात सुमारे ११,००० पुस्तकं होती. देशभरातून त्यांना मदत आली हे चांगलंच झालं, पण हे काम मजुराच्या कमाईवर पडावं का? कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाही, तिथे सगळं अनुदानावर चालतं. आरक्षण आणि शिष्यवृत्तीसाठी आपण रस्त्यावर येतो, ग्रंथालय उपकराची मागणी मी आपल्या एकाही मोर्चात ऐकलेली नाही.

सरकार करील तेव्हा करील. आज गावोगावी बाबासाहेबांच्या नावाने अभ्यासिका आहेत. मी पाहिलेल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे संच आहेत, टेबलं आहेत, भिंतीवर 'शांतता राखा' आहे, आणि गोष्टीचं एकही इंग्रजी पुस्तक नाही. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून एक कपाट बाजूला काढा. पातळ, सोपी, चित्रांची, जुन्या बाजारातली पुस्तकं चालतील. वर मराठी 'बलुतं' आणि त्याला खेटून इंग्रजी 'बलुतं' ठेवा. नोंदवही ठेवा, पण कपाटाला कुलूप लावू नका. दहा-वीस पुस्तकं परत येणार नाहीत, ती खर्चात धरा.