विमानातला मोबाइल आणि आपली एस. टी.

मी विमानात कधी बसलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; विमानाची पायरी अजून लांब आहे. तरीही विमानातील मोबाइलवर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण तोच प्रश्न पणदरे ते बारामती या एस. टी.च्या प्रवासातही रोज भेटतो.

विमानात मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर का ठेवायचा? रेडिओशेजारी मोबाइल ठेवला आणि फोन आला, की रेडिओत टर्र टर्र आवाज येई, हे जुन्या मोबाइलवाल्यांना आठवत असेल. विमान उतरवताना वैमानिक रेडिओलहरींच्या आधारे वाट काढतो. त्याच्या कानात अशी खरखर नको, म्हणून ही सावधगिरी. भारतात २०१४ पर्यंत उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी ही उपकरणे बंदच ठेवावी लागत. त्या वर्षी ‘फ्लाइट मोड’वर ती प्रवासभर वापरण्यास परवानगी मिळाली. २०२० मध्ये विमानातील वाय-फायलाही मुभा मिळाली. म्हणजे यंत्राची अडचण हळूहळू सुटत आहे.

पण शेजाऱ्याच्या अडचणीचे काय?

गेल्या परीक्षेला जाताना मी गाडीत राज्यशास्त्राच्या नोट्स वाचत होतो. शेजारच्या काकांनी मोठ्याने व्हिडिओ लावला. “काका, जरा हळू करता का?” म्हणालो, तर उत्तर आले, “म्या बी तिकीट काढलंय की!” आमच्या घरी एका खोलीत पाच माणसे. एस. टी.ची खिडकी हीच माझी अभ्यासिका. त्या दिवशी तीही गेली.

मुंबईच्या बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये इयरफोनशिवाय गाणी व व्हिडिओ लावण्यास मनाई केली, ते योग्यच झाले. मात्र फोनवर सरसकट बंदी मला पटत नाही. माझ्या आईला वाचता येत नाही. “पोचलास का रं?” या तिच्या प्रश्नाला बोलूनच उत्तर द्यावे लागते. आणि तिला नीट ऐकू जावे म्हणून मीही भर गाडीत ओरडलो आहे! तेव्हा फोन जरूर घ्यावा. पण बोलणे थोडके, आवाज हळू असावा.

मित्रहो, जिवाच्या भीतीने विमानात आपण मुकाट्याने बटण दाबतो. मग शेजाऱ्याचा विचार करून एस. टी.त ते का दाबू नये?