प्रत्यारोपित बालकाच्या गळ्यातील गाठ

अवयव प्रत्यारोपण ही मुंबई-पुण्याची गोष्ट, तिच्याशी आम्हा परभणीच्या वैद्यांचा काय संबंध, असे म्हणून हा विषय बाजूस सारता येणार नाही. शस्त्रक्रिया मुंबईत होते. बालक मात्र सेलू, जिंतूर वा गंगाखेडला परतते, आणि ताप आला की पालक प्रथम जवळच्याच दवाखान्याची पायरी चढतात. 1998 साली दिल्लीतील अपोलो रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी बालयकृत प्रत्यारोपण ज्याच्यावर झाले, तो संजय कंदासामी पुढे स्वतः डॉक्टर झाला. अशी मुले दीर्घकाळ जगतात. म्हणूनच त्यांच्यापुढील धोका जाणणे अगत्याचे आहे.

नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून व्याधिक्षमत्व दाबणारी औषधे बहुधा आयुष्यभर द्यावी लागतात. त्यामुळेच अर्बुदास वाव मिळतो. अमेरिकेतील 17,958 बालरुग्णांच्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 392 कर्करोग आढळले. पैकी 279 नॉन-हॉजकिन लिंफोमा होते. यामागे बहुतांशी एपस्टाईन-बार विषाणू असतो. प्रौढांच्या शरीरात तो बहुधा सुप्त वसतो. ज्या मुलास त्याचा संसर्ग कधी झालेला नाही, त्यास तो दात्याच्या अवयवातूनच मिळू शकतो, आणि त्यास आवरणारे बल तर औषधांनी आधीच क्षीण केलेले असते.

अशा मुलाच्या गळ्यात वा काखेत गाठ दिसली की आमचा हात सवयीने कांचनार गुग्गुळाकडे जातो. गंडमाळेत ते ठीक; येथे वाट पाहण्यास अवधी नाही. गाठ, न उतरणारा ताप, घटणारे वजन, सुजलेले टॉन्सिल, पोटदुखी, शौचावाटे रक्त यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधून द्यावा. तेथे पहिला उपाय बहुधा औषधाची मात्रा कमी करण्याचाच असतो. पण किती, हे रक्तातील पातळी पाहून तेथेच ठरते. पालकांनी ऐकीव माहितीवर गोळ्या थांबविल्या तर अवयवच गमवावा लागेल.

औषधविक्रेत्यांनाही थोडे सांगणे आहे. ‘प्रतिकारशक्तीसाठी काहीतरी द्या’ ही मागणी कोविडपासून रोजचीच झाली. गुळवेल, अश्वगंधा, सुवर्णप्राशन हे सारे इतरांसाठी असो. येथे जे बल हेतुपुरस्सर रोखले आहे, तेच चाळविण्याचा हा उद्योग ठरेल. त्रिकटूतील पायपेरीन टॅक्रोलिमसचे विघटन मंदावू शकते, तो धोका निराळाच. 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांतील यकृतविकाराचा अहवाल मांडला. आयुष मंत्रालयाने तो अमान्य केला. त्या वादात कोणीही जिंको, त्याचा निवाडा दानात मिळालेल्या यकृतावर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चिठ्ठीवर टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन वा मायकोफेनोलेट हे नाव दिसताच चूर्णाची पुडी बाजूस ठेवून आधी केंद्रास दूरध्वनी करावा.