विनाअट सहभागाचे मोल

संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेतून, म्हणजे युनेस्कोतून, २०२६च्या डिसेंबरअखेर बाहेर पडण्याची वर्दी अमेरिकेने २०२५च्या जुलैत दिली, तेव्हा तिच्या २०२३मधील पुनरागमनाचे गोडवे गाणाऱ्यांची निराशा झाली असेल. परंतु १९८४ आणि २०१८ या सालांतील तिची प्रयाणे ज्यांच्या स्मरणात होती, त्यांना विस्मय वाटण्याचे काही कारण नव्हते.

अमेरिकेच्या तक्रारी सर्वस्वी निराधार होत्या, असे नव्हे. १९८४ साली तत्कालीन महासंचालक एम्बो यांच्या कारकिर्दीतील खर्चाच्या सैल शिस्तीवर घेतलेल्या आक्षेपांत तथ्य होते. ब्रिटननेही १९८५ साली संघटना सोडली आणि १९९७ साली पुन्हा तिचे सदस्यत्व पत्करले. मात्र २०११ साली पॅलेस्टाइनला प्रवेश मिळताच अमेरिकेने आपल्या कायद्याकडे बोट दाखवून अंदाजपत्रकाच्या सुमारे २२ टक्के भरणारी वर्गणी रोखली, २०१३ साली मताधिकार गमावला, आणि २०२१ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयीची शिफारस संमत झाली तेव्हा ती सदस्यही नव्हती. रुसून दूर बसणाऱ्यासाठी मसुदे खोळंबून राहत नाहीत.

हे आम्हा परभणीकरांना निराळे समजावून सांगावे लागू नये. १९४६ साली भारत या संघटनेच्या संस्थापक सदस्यांत बसला, तेव्हा मराठवाड्यातील हा जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. १९४८च्या सप्टेंबरात तो अंमल संपला, १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आलो, आणि तेही विनाअट. पुढे विकासाचा अनुशेष साचत गेला, दांडेकर समितीने १९८४ साली त्याची मोजदाद केली, आणि तो पुरता भरून निघाला असे आजही कोणी प्रामाणिकपणे म्हणणार नाही. स्वतंत्र मराठवाड्याची भाषा अधूनमधून उठली हे खरे. तथापि येथील लोकांनी आपला दावा मुख्यतः विधिमंडळात, मोर्च्यांत आणि वर्तमानपत्रांतच लढविला. दुर्बळाला निघून जाण्याची सोयच नसते, असे यावर कोणी म्हणेल. ते मान्य केले, तरी ज्याला ती सोय आहे त्याच्यावर संयमाचे दायित्व अधिकच येते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

अमेरिकेच्या वर्गणीचा संघटनेच्या एकूण खर्चातील वाटा आता सुमारे ८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे एकाच खजिन्यावर विसंबून न राहण्याचा धडा संघटनेने घेतला आहे. राधाकृष्णन यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने जिच्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद भूषविले आणि जिचे नववे अधिवेशन १९५६ साली दिल्लीत भरले, त्या संघटनेत भारताने अमेरिकेच्या पुढील पुनरागमनाचे स्वागत अवश्य करावे. मात्र मागील थकबाकी चुकती झाल्याखेरीज आणि मतभेद सभेतच मांडण्याची कबुली मिळाल्याखेरीज त्या स्वागताची घाई करू नये.