पडीक

आमच्या कर्जाच्या अर्जात 'जमिनीचा प्रकार' असा एक रकाना असतो. बागायत, जिरायत, पडीक. राहात्यात पेरू आणि ऊस सोडून जमिनीने आणखी काही करावे, हे कुणाला पटत नाही. तेव्हा नुसते गवत दिसले की मी 'पडीक' लिहून मोकळा होतो. वीस वर्षे लिहीत आलो. अक्षर चांगले आहे माझे.

परवा पाहणीसाठी एका माळावर गेलो. भर दुपारी गवतातून किर्रर्र सुरू! "रातकिडा, साहेब," अर्जदार म्हणाले. अहो, दुपारी बाराला? मग तो रात्री काय करतो, ओव्हरटाइम?

चिरंजीवांनी मोबाइलवर आवाज लावून माझी खात्री केली. हा सिकाडा. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाडाचा नर पोटाच्या बाजूंचे पातळ पडदे आत ओढतो नि सोडतो. मादी ऐकते. (किती समजूतदार!) ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात तर गवतावरच संसार करणाऱ्या याच्या बारक्या जाती आहेत. पिल्ले जमिनीखाली मुळांचा रस पीत वर्षे काढतात. अमेरिकेत काहींची मुदत १३ वर्षे, काहींची १७. अशा दोन टोळ्या २०२४ साली एकदमच वर आल्या. त्याआधी त्यांची गाठ पडली होती १८०३ साली!

आता सांगा, याला पडीक म्हणायचे? आमच्याकडे दोन वर्षे व्यवहार नसला तर खाते निष्क्रिय होते. पण खातेदार सतरा वर्षांनी उगवला तरी पैसे द्यावेच लागतात. त्याच्या पैशांत कुणी खड्डे खणत नाही.

माळावर मात्र खणतात, तेही पुण्य म्हणून. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. झाडांशी माझे वैर नाही; पण गवत म्हणजे झाड होता होता राहिलेली वस्तू, हे कुणी ठरवले? मेंढ्या चारणाऱ्या धनगराला विचारा, तो त्याच माळाला कुरण म्हणतो. आपल्याच जिल्ह्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. काळवीट देखणे पडले. किड्याचा फोटो कोण लावणार कॅलेंडरवर?

त्या अर्जात मी 'गवताळ' लिहिले. साहेबांनी परत पाठवला : यादीतला शब्द लिहा. मी रकाना कोरा ठेवला. पुन्हा परत! अर्जदार रोज काउंटरशी येऊन उभे राहतात. त्यांना विहीर खणायची आहे, मुलीचे लग्न तोंडावर आहे, आणि त्यांचेही काही चुकत नाही. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. साहेबांनी लाल शाईने शेरा मारलाय : 'रकाना रिकामा.'