चार बँडमधला मुलगा

परवा हिमायतनगरहून आत्याचा फोन आला. माझ्या भाच्यासाठी तिनं भोकरकडचं एक स्थळ आणलंय.

"मुलगा काय करायलाय म्हणून विचारायलेत. काय सांगू रे?"

"सांग की, पुण्यात चार बँडमध्ये वाजवतो."

"लग्नाच्या?"

"नाही गं, रॉक बँड. स्वतःची गाणी करतात."

"मग चार कामून? एकानं बी ठेवून घेतलं नाही का?"

फोन ठेवल्यावर मी एकटाच हसलो. पण तो शेवटचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला "एक काहीतरी धर बाबा" असं सुनावलं होतं. म्हणजे आत्याला हसायचा मला काय अधिकार? :)

भाचा एका बँडमध्ये ड्रम वाजवतो, दुसऱ्यात बेस गिटार, तिसऱ्यात कीबोर्ड. चौथ्यात, कोणी आलं नाही की त्याच्या जागी जे पडेल ते. आपल्याकडे अशा माणसासाठी म्हण तयार असते, 'एक ना धड भाराभर चिंध्या'. मला आता वाटतं, ही म्हण निदान वाजवणाऱ्यांच्या बाबतीत साफ चुकीची आहे. ज्याला चारजण बोलावतात तो चौघांना हवा असतो, एवढा साधा हिशोब आहे.

मुंबईच्या सिड कुटोचं उदाहरण घ्या. 'झीरो' या बँडमध्ये तो ड्रमवर होता. त्यांचा गिटारवादक वॉरन मेंडोन्सा न्यूझीलंडला गेला आणि तो बँड अधूनमधून एकत्र येण्यापुरताच उरला. कुटो 'टफ ऑन टोबॅको'मध्ये पुढे येऊन गायला लागला, २००९ साली त्यांचा 'द हॅपी गोट' हा अल्बम आला. एक बँड थांबला म्हणून माणूस थांबला नाही. आपल्या देशात इंग्रजी गाणी करणाऱ्या स्वतंत्र बँडला ऐकणारे मोजकेच, कार्यक्रमही मोजके. एका बँडवर घरभाडं निघत नाही. शिवाय कोण कधी परदेशी जाईल, कोणाचं लग्न होईल, कोण नोकरी धरेल, काही भरवसा नसतो. अशा ठिकाणी दोन वाद्यं येणारा आणि चार जणांशी जमवून घेणारा टिकतो.

आणि हे काही आजचं नाही. गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट (खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ) मुंबईच्या हॉटेलांत स्वतःच्या बँडसह जॅझ वाजवायचा आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या सिनेमांतही ट्रम्पेट फुंकायचा. 'अलबेला' (१९५१) मध्ये तर तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. गाणी आजही वाजतात, पण नाव किती जणांना ठाऊक आहे?

पण मुंबई-गोव्याला कशाला जायचं... आमच्याच गावात एक गृहस्थ होते. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट, एकादशीला भजनात पेटी, गणपतीत ऑर्केस्ट्रा आला आणि माणूस कमी पडला तर ढोलकी. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेत तर ते दिवसभरात तीन ठिकाणी दिसायचे. पुस्तक नाही, शिकवणी नाही, कान आणि हात एवढंच भांडवल. आम्ही त्यांना 'वाजंत्री' म्हणायचो आणि लग्नात शेवटच्या पंगतीला बसवायचो. मी स्वतः त्या पंगतीला वाढलंय. वरण तळाला गेलेलं असायचं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना आज हात अडखळतोय.

भाच्याच्या नशिबी ती पंगत नाही. त्याचं आडनाव आमचं आहे, त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, त्याला लोक 'आर्टिस्ट' म्हणतात. काम तेच, कसबही तेच. फरक कुठे आहे ते नातेवाईक मंडळींना मी वेगळं सांगायला नको.

असो. ताईची काळजी मात्र खोटी नाही. मार्च २०२० मध्ये भाच्याचे चारही बँड एकाच आठवड्यात बंद पडले. 'एक गेला तर तीन आहेत' हे त्याचं गणित त्या आठवड्यात कोसळलं. चार महिने तो हिमायतनगरला आत्याकडे होता, फोनवरून दोन पोरांना कीबोर्ड शिकवत. पुढे कामं सुरू झाली तरी दुसऱ्याच्या गाण्यात वाजवलं की हातात पडतं ते बहुतेकदा त्या दिवसाचं मानधनच. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा सोडून द्यायला लावता येत नाही. पण त्यासाठी गाणं तुमचं असावं लागतं आणि तसं कागदावर असावं लागतं. भाच्यानं आजवर किती गाण्यांना चाल सुचवली असेल आणि किती ठिकाणी त्याचं नाव लागलं असेल? त्यालाच नीट सांगता येईना.

म्हणून ताई, तू हे वाचशीलच, त्याला 'कधी सेटल होणार' असं विचारू नकोस. गाण्यांवर नाव लावून घेतोस का, आजारपणाचा विमा काढलास का, ड्रमजवळ बसताना कानात बोळे घालतोस का, हे विचार. विम्याचं मी विचारलं. नाही काढलेला. त्यावरून आमचं भांडण झालं, आणि ते योग्यच होतं.

काल आत्याचा पुन्हा फोन. मुलीकडच्यांना तो वाजवतो ते ऐकायचंय. मी भाच्याला कळवलं.

"मामा, कोणत्या बँडचं पाठवू?"