‘लून’चा गुन्हा काय?

ॲबर्डीनकडे ‘लून’ म्हणजे घरचा पोरगा. इतरत्र स्कॉट्समध्ये तोच शब्द लफंग्याला लावीत. (फॉर्फरचा फुटबॉल संघ तर ‘लून्स’ हे टोपणनाव खुशाल मिरवतो!) एवढ्यावरून सोवळे पंडित निकाल देतात: ही भाषाच नव्हे, बिघडलेली इंग्रजी! का हो, तुमचे ‘कॉर्न’ इंग्लंडात धान्य आणि अमेरिकेत मका, तेव्हा इंग्रजी बिघडत नाही ती? स्कॉटिश नॅशनल डिक्शनरीने १९३१ ते १९७६ खपून दहा खंडांत प्रांताप्रांतांचे अर्थ नोंदवले, ते काय चुकांची यादी म्हणून? २०२५ च्या कायद्याने स्कॉट्सला अधिकृत दर्जा मिळाला. आता शाळेत एकच ‘शुद्ध’ स्कॉट्स आणून ॲबर्डीनच्या पोराचा ‘लून’ लाल शाईने खोडणार असाल, तर इंग्रजी मास्तर काय वाईट होता?